उंबऱ्यापाशी थांबलेलं गाणं

दसरा जवळ आला की आमच्या म्हैसुरात सकाळी हत्तींची तालीम चालते. राजवाड्यापासून बन्नीमंटपापर्यंत ते चालत जातात, पाठीवर वाळूची पोती घेऊन, म्हणजे सणाच्या दिवशी अंबारीचं ओझं नवीन वाटू नये. दूध आणायला निघालेली माणसं पिशव्या हातात धरून रस्त्याच्या कडेला उभी राहतात. यंदा मीही उभी होते. हत्ती पुढे गेले, मागे शेणाचा आणि ओल्या मातीचा वास राहिला, आणि समोरच्या कॉफीच्या हॉटेलात येसण्णांचं गाणं लागलं.

सिनेमाच्या गाण्यांना चाली देणारे येसण्णा यंदाच्या पावसाळ्यात गेले. तेव्हापासून जिकडे तिकडे तेच आहेत. रिक्षात, मंगल कार्यालयात, कचऱ्याच्या गाडीवर, समोरच्यानं फोन उचलेपर्यंत आपल्या कानात. त्यातही हे गाणं सगळ्यांत जास्त. कन्नड न कळणाऱ्या माणसालाही त्याची चाल येते. तिसऱ्या ओळीत ते एके ठिकाणी थांबतं. तबला थांबतो, व्हायोलिनं थांबतात, गाणारी थांबते. एक शब्द मावेल एवढी शांतता. मग सगळं पुन्हा सुरू होतं, काही झालंच नव्हतं असं.

त्या शांततेपाशी हॉटेलवाल्याचा कॉफी वर-खाली ओतणारा हात अधांतरी थांबला. उभ्या असलेल्या दोघाचौघांनी डोळे मिटून मान डोलावली. सगळा कर्नाटक त्या जागी मान डोलावतो. मी मान खाली घातली.

मला त्या जागी लाज वाटते. का वाटते ते आजवर कुणाला सांगितलं नाही, कारण ती लाज मुळात माझी नाही. माझ्या आईची आहे. पण घरातली भांडी जशी एकीकडून दुसरीकडे जातात, तशी लाजही जाते. न मागता.

नवरात्रात आमच्याकडे बाहुल्या मांडतात. मराठी असलो तरी आम्ही पिढ्यान् पिढ्या इथलेच. पणजोबा राजाच्या घोडदळात, आजोबा घोड्यांपाशी, माझे वडील, अप्पा, तेही तबेल्यात. त्यामुळे इथल्यांसारख्याच पायऱ्या लावायच्या, त्यांवर पांढरं धोतर अंथरायचं, सगळ्यांत वर लाकडाचे राजा-राणी. हे राजा-राणी सून माहेराहून घेऊन येते. खाली वाणी-वाणीण, पोलीस, मातीचे हत्ती, एखादं प्लास्टिकचं विमान. संध्याकाळी गल्लीतल्या बायका-मुली घरोघर बाहुल्या बघायला जातात. आणि जिथे जाल तिथे एक गाणं म्हणायचं. त्याशिवाय सुटका नाही. गाणं झालं की हळदकुंकू, आणि पानावर हरभऱ्याची उसळ. गळा असो नसो, लाज वाटो न वाटो, "एक म्हण की गं" असं कुणीतरी म्हणतंच आणि मग म्हणावंच लागतं. लहानपणी आम्ही उसळीवर डोळा ठेवून भराभर म्हणून टाकायचो.

फक्त माझी आई म्हणायची नाही. दरवर्षी तिचा घसा बसलेला असायचा.

नजरबादेत आमची गल्ली होती. बसकी घरं, प्रत्येकाला पुढे बसायला जगली, म्हणजे ओटाच, पण आम्ही जगलीच म्हणायचो. आमच्या भिंतीला भिंत लागून सुंदरक्कांचं घर. येसण्णा त्यांचा धाकटा भाऊ. तोही तबेल्यातल्याच माणसाचा मुलगा, पण घोड्यांत रमला नाही. नाटक कंपनीत पेटी वाजवायला गेला आणि तिथून मद्रासला, सिनेमात. त्याला स्वरलिपी लिहिता यायची नाही. चाल तो तोंडानं सांगायचा, म्हणे; व्हायोलिनवाल्यांशी तमिळ, गाणाऱ्यांशी कन्नड, आणि चिडला की शिव्या आमच्या मराठीत. पडद्यावर नाव वेगळं, भारदस्त. गल्लीला तो येसूच राहिला, पुढे येसण्णा.

त्याच्या चालींचं कौतुक करणारे पुष्कळ लिहितात. मला एवढंच ठाऊक आहे की आमच्या गल्लीतला कुठलाच आवाज त्यानं वाया घालवला नाही. कल्हईवाल्याचा ठोका त्याच्या एका गाण्यात आहे. घोड्याची चाल तर कितीतरी गाण्यांत. तीही दौडणाऱ्या घोड्याची नाही, पाणी पिऊन सावकाश परतणाऱ्या. मोगऱ्याची फुलं विकणाऱ्या चिक्कण्णाची "मल्लिगे, मल्लिगे" ही हाक त्यानं एका नायिकेच्या तोंडी दिली. चिक्कण्णा पुढे म्हातारा होईपर्यंत गिऱ्हाइकाला सांगायचा, "ते माझं ओरडणं आहे, ऐकलंस ना सिनेमात? तरी जुन्याच भावानं देतो, घे." ज्याचं ज्याचं काही त्या गाण्यांत गेलं तो तो छाती काढून चालायचा. असं गल्लीतलं प्रत्येक माणूस त्याच्यामुळे बोटभर उंच झालं.

आई सोडून. ते थांबणारं गाणं रेडिओवर लागलं की ती उठून मोरीत जायची आणि नळ सोडायची. धुवायला भांडं असो नसो. पाण्याचा आवाज गाणं संपेपर्यंत चालायचा. आम्हाला वाटायचं, तिला सिनेमाची गाणी आवडत नाहीत. सुंदरक्का कधी जगलीवरून हाक मारायच्या, "काय गं कमळे, सापडला का उंबरा?" आणि बायका हसायच्या. आई पण हसायची. मला वाटायचं, मोठ्या बायकांचं काहीतरी असेल, मला कळण्यासारखं नसेल.

आणि मला नेमकं तेच गाणं आवडायचं. अभ्यास करताना मी तेच गुणगुणत असे. आमच्या घरात पुस्तकं वाचणारी मी पहिली. माझी परीक्षा म्हणजे घरात सुतक असल्यासारखी शांतता. अप्पा विडी बाहेर जाऊन ओढायचे, धाकट्यांना दटावून झोपवलेलं असायचं. त्या शांत घरात माझंच एकटीचं गुणगुणणं. थांबायच्या जागी मी अगदी बरोबर थांबायची आणि पेन्सिल वहीवर धरून ठेवायची. पलीकडे आई तांदूळ निवडत बसलेली असायची. "गप्प बस" असं तिनं एकदाही म्हटलं नाही. पोरगी शिकते आहे ना. आज ते आठवलं की वाटतं, म्हणाली असती तर बरं झालं असतं.

मी बी.कॉम. झाले त्या वर्षीचा दसरा मला वासासकट आठवतो. चंदनाच्या उदबत्तीचा धूर, ओल्या झेंडूचा उग्र वास, शिजलेल्या हरभऱ्याची वाफ, आणि या सगळ्यात नव्या फ्रेमच्या वार्निशचा वास. कारण अप्पांनी माझं पदवीचं प्रमाणपत्र फ्रेम करून आणलं होतं आणि ते थेट वरच्या पायरीवर ठेवलं होतं, राजा-राणीच्या मध्ये.

आई म्हणाली, "अहो, तिथं देव ठेवतात की."

अप्पा म्हणाले, "असू दे. देव सगळ्यांच्या घरात आहेत. हे कुणाच्या घरात आहे, दाखव."

मला लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही. सगळी गल्ली बाहुल्या सोडून फ्रेमच बघत होती आणि मी नवी साडी नेसून बाजूला उभी राहून इंग्रजी वाचून दाखवत होते. बाहेर तोफांचा सराव चालला होता. घोडे-हत्ती बुजू नयेत म्हणून आधीपासून आवाजाची सवय लावतात. प्रत्येक बाराला मातीचा पोलीस पायरीवर थरथरायचा.

त्या वर्षी दसऱ्याला येसण्णांचा सत्कार होता. ते बहिणीकडे उतरले आणि दुपारी म्हणाले, "चल सुंदरक्का, बाहुल्या बघू. वैनींच्याकडे आधी." इतकी वर्षं सिनेमात काढलेला माणूस, पांढरी पँट, हातात काठी, केस मात्र आमच्या गल्लीच्या न्हाव्यानं कापल्यासारखे. खुर्ची दिली तर बसले नाहीत. बायकांच्यात चटईवर बसले. फ्रेम बघून म्हणाले, "हे कुणाचं?" आणि मी पुढे झाले.

मी शिकलेली. गप्प कशी बसणार? मी म्हटलं, "येसण्णा, कॉलेजात आमचे सर म्हणायचे, तुमच्या त्या गाण्यातली शांतता म्हणजे सगळ्या गाण्याचा जीव आहे. आजवर कुणाला अशी शांतता वाजवता आली नाही."

ते खूष होऊन हसले. "तुझे सर शिकलेले. मी कुठं शिकलोय? ती शांतता माझी नाही गं बाळ. ती तुझ्या आईची."

मला कळेना. आई स्वयंपाकघरात होती. ते मोठ्यानं, तिला ऐकू जाईल असं सांगू लागले. "वैनींचा या घरातला पहिला दसरा. मी आमच्या जगलीवर बसलो होतो, तुमची खिडकी उघडी. तुझी आजी राणीला वरच्या पायरीवर बसवताना एक गाणं म्हणायची, त्या वर्षी तिनं ते सुनेला म्हणायला लावलं." आणि मग ते गाणंच त्यांनी म्हणून दाखवलं, काठी मांडीवर आडवी धरून, घोगऱ्या आवाजात:

"हळूच ये गं राणीबाई,
हळूच टाक पाय,
ओलांड माझा उंबरा,
घर तुझंच हाय."

आमच्या घरचं गाणं, आणि मी ते पहिल्यांदा ऐकत होते. आजीमागे ते म्हणणारं कुणी उरलंच नव्हतं. तीच चाल, जी मी वर्षानुवर्षं सिनेमाची म्हणून गुणगुणत आले.

"वैनींनी काय केलं सांगू?" येसण्णा म्हणाले. "ओलांड माझा, इथपर्यंत आल्या आणि थांबल्या. उंबरा म्हणाल्याच नाहीत. मला राणी दिसली की गं. दारात. एक पाय उचललेला, पुढे टाकू की नको. मोठमोठ्या गवयांना असं थांबायला जमत नाही. मद्रासला सांगितलं तर वाजवणारे म्हणाले, इथं काहीतरी भरा. मी म्हटलं, भरणार नाही, आमच्या वैनी इथं थांबतात. नवीन वाजवणारा आला की त्यालाही मी हेच सांगतो."

आई उसळीची ताटली घेऊन दारात येऊन उभी होती.

सुंदरक्का हसू दाबत होत्या, ते सुटलं. "अय्यो येसू, ती कशाची थांबते? तिला शब्द यायचा नाही. विचार की तिलाच. तोंड उघडं ठेवून उभी होती नुसती."

बायका हसल्या. तेच ते हसणं, जे मी लहानपणापासून जगलीवर ऐकत आले होते. तेव्हा पहिल्यांदा मला ते कळलं.

आईनं ताटली खाली ठेवली. "खरं आहे," ती म्हणाली. "आमच्या माहेरी होस्तिलु म्हणायचे. उंबरा हा शब्द मी इथं येऊन पहिल्यांदा ऐकला. सासूबाईंनी दोनदा सांगितला होता, ऐन वेळी गेला. सगळ्या हसल्या. सासूबाई म्हणाल्या, घरात पाय टाकलान् आणि घराचा उंबरा ठाऊक नाही." तिनं पदराला हात पुसले. "येसण्णा, एक विचारू का?"

"विचारा वैनी."

"आता येतो मला तो शब्द. तुमच्या गाण्यात परत घालता येईल का?"

येसण्णांनी मांडीवरची काठी खाली ठेवली.

"म्हणजे ती रिकामी जागा आहे ना, तिथं. कसं आहे, ते गाणं लागलं की मी परत विसरते. साऱ्या गावासमोर. किती वर्षं विसरायचं?"

हे ती रडून नाही म्हणाली. कपडे शिवणाऱ्याला उसवलेला काठ दाखवून विचारावं, होईल का हो दुरुस्त, तसं म्हणाली. मी येसण्णांच्या तोंडाकडे बघत होते. एखाद्या माणसानं आयुष्यभर मिरवलेली वस्तू अचानक दुसऱ्याच्या घरातून न विचारता उचललेली निघावी, तसं ते तोंड झालं. कानापर्यंत लाल. पिकल्या केसांच्या माणसाला मी असं लाजताना तोवर पाहिलं नव्हतं.

"नाही येत वैनी," ते म्हणाले. "ते आता माझ्या हातात नाही राहिलं." आणि मग, "मी तुमची चेष्टा नव्हती केली."

"मला ठाऊक आहे की," आई म्हणाली. "उसळ घ्या."

त्यांनी उसळ घेतली आणि शेवटच्या दाण्यापर्यंत संपवली. उठले, बाहुल्यांना नमस्कार केला. जाताना काठीनं आमचा उंबरा चाचपला आणि पाय उंच उचलून पलीकडे टाकला. पुन्हा ते आमच्याकडे आले नाहीत. वरच्या पायरीवर राजा-राणीच्या मध्ये माझी पदवी झळकत होती. मी ती काढून कपाटात ठेवली. अप्पांनी विचारलं का, तर म्हटलं, धूर लागतो.

त्या दिवसाबद्दल मी पुष्कळ विचार केला. कुणाचंच काही चुकलं नव्हतं, हीच त्यातली अडचण आहे. येसण्णांनी आईला डोक्यावर घेतलं होतं. सुंदरक्का खरं तेच बोलल्या. मी तर फक्त माझ्या सरांचं वाक्य म्हटलं. आजीसुद्धा तिच्या परीनं सुनेला घरचं गाणं देत होती. आणि या सगळ्यातून एका बाईला काय मिळालं, तर रोज रेडिओवर लागणारी स्वतःची चूक. बाकी माणसांच्या चुका माणसं विसरतात, निदान मरतात तरी. तिची चूक रसिकांनी जिवंत ठेवली. मान डोलावून.

पुढे मी बँकेत लागले. तिथे कोल्हापूरहून बदलून आलेल्या बाई होत्या. त्यांच्याकडून दिवाळी अंक आणून मी मराठी वाचायला आणि लिहायला शिकले. आमचं शिक्षण कन्नड आणि इंग्रजीतलं. मराठी फक्त घरात आणि तीही अर्धी कन्नड. मी पहिल्यांदा त्यांच्याशी बोलले तेव्हा त्या म्हणाल्या, "किती गोड मराठी आहे हो तुमची." गोड. लहान मूल बोबडं बोलतं त्याला गोड म्हणतात. मी हसले आणि जागेवर जाऊन बसले. कान तापले होते. तेव्हा मला आईचं ते उघडं राहिलेलं तोंड दिसलं, जे मी कधी पाहिलंच नव्हतं. आज मी इतकं मराठी लिहिते ते आवड म्हणून लिहिते असं सांगते. खरं कारण ते तापलेले कान आहेत.

आता आम्ही म्हैसुरातच, गोकुलममध्ये राहतो. अप्पा गेले, सुंदरक्का गेल्या, नजरबादचं घर गेलं. इथे गल्ली नाही, लिफ्ट आहे. वरच्या मजल्यावर योग शिकायला आलेले परदेशी असतात. सकाळी चटया काखेत मारून अनवाणी जातात आणि नारळपाणी पितात. आई त्यांना बघून म्हणते, "एवढ्या लांबून आले आणि बसायला शिकतात."

येसण्णा गेल्यावर गावात त्यांच्यासाठी सभा झाली. मी बँकेतल्या माणसांबरोबर गेले. आईला विचारलं तर म्हणाली, गुडघे दुखतात. सभेत एक विद्वान गृहस्थ बोलले. त्या शांततेवरच बोलले, फार सुंदर बोलले. म्हणाले, न बोलण्याचं धैर्य फक्त मोठ्या कलावंतापाशी असतं. टाळ्या झाल्या. शेजारचे सगळे वाजवत होते, मीही वाजवल्या. वाजवताना माझ्याच हातांची मला लाज वाटत होती, तरी थांबवल्या नाहीत. उठून सांगावं असं क्षणभर वाटलं. पण काय सांगणार? ते धैर्य नव्हतं, माझ्या आईला शब्द येत नव्हता, म्हणून? सभेनं ते ऐकलं असतं आणि ती हसली असती. कौतुकानं, पण हसलीच असती.

मग त्यांनी पडद्यावर येसण्णांच्या शेवटच्या काही कार्यक्रमांची चित्रफीत दाखवली. फार थकलेले. पेटीवर तेच गाणं. तिसरी ओळ आली, सगळी वाद्यं थांबली, आणि त्या शांततेत म्हाताऱ्याचे ओठ हलले. आवाज नाही. आधी गोल झाले, मग मिटले, मग उघडले. शेजारचे म्हणाले, "बघा, या वयातही मात्रा मोजतात." दुसऱ्या कार्यक्रमात पुन्हा तेच. तिसऱ्यातही. ओठ गोल, मिटले, उघडले.

मात्रा मोजायला ओठ असे मिटावे लागत नाहीत. मी अंधारात खुर्चीवर बसून तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं. उंबरा. तेच होतं.

गाण्यात घालता येत नाही म्हणाले होते, ते खरंच होतं. तबकड्या घरोघर गेलेल्या. पण जिथे जिथे स्वतः वाजवायला बसले तिथे त्यांनी तो शब्द घातला होता, कुणाला ऐकू जाणार नाही असा. कुणालाही न सांगता. आम्हालाही नाही.

घरी येऊन मी ती चित्रफीत फोनवर शोधली आणि आईला दाखवली. तिनं चष्मा लावला, फोन लांब धरला. गाणं लागल्याबरोबर सवयीनं तिची नजर मोरीकडे गेली. पण उठली नाही.

"हे काय पुटपुटताहेत?"

"तूच बघ."

तिनं बघितलं. मग म्हणाली, परत लाव. परत लावलं. गाणं संपून दुसरं काहीतरी सुरू झालं तरी ती फोन धरून होती.

"कशाला एवढा त्रास घेतला त्यांनी," ती म्हणाली. मग चष्मा काढून म्हणाली, "मी बोलायलाच नको होतं गं तेव्हा. एवढ्या मोठ्या माणसाला मी किती लाज दिली."

म्हणजे आता ही नवीन. एक उतरली तर दुसरी चढली. मी चिडून म्हटलं, "आई, पुरे कर. गावानं तुला दिली तेव्हा कुणी मोजली होती?" ती म्हणाली, "तू शिकलेली आहेस, तू मोज," आणि आत गेली.

यंदाच्या बाहुल्या आम्ही लहान मांडल्या. जागा नाही, आणि पायऱ्या लावायला अप्पा नाहीत. आईचे माहेरचे राजा-राणी मात्र वर. राणीचा रंग नाकावरून गेला आहे, तो रंगवायला आई तयार नाही. संध्याकाळी इमारतीतल्या बायका आल्या. वरच्या मजल्यावरची परदेशी मुलगीही आली. गाणं म्हण म्हटल्यावर तिनं डोळे मिटून एवढा लांब ओंकार लावला की उसळ गार होईल असं वाटलं. आणि समोरच्या घरातली नवी सून आली. साताऱ्याकडची, लग्नाला अजून वर्ष नाही, नवरा इथे कॉम्प्युटरच्या कंपनीत. कन्नड शिकते आहे, भाजीवाल्याशी बोलून बोलून.

"एक म्हण की," कुणीतरी म्हणालंच.

तिनं मराठी काहीतरी म्हणून सोडवलं असतं. पण तिला इथल्या बायकांत मिसळायचं होतं. ती म्हणाली, "मी कन्नड म्हणू का? नवीन शिकलेय," आणि येसण्णांचं तेच गाणं सुरू केलं. आईसमोर. मी हळदीकुंकवाची ताटली धरून तशीच उभी राहिले.

आवाज बरा होता. उच्चार आमच्यासारखे नव्हते, पण चाल नेटकी. तिसरी ओळ आली. ती थांबली. बायकांनी मान डोलावली. शांतता झाली, आणि ती नेहमीपेक्षा लांबली. आणखी लांबली. मी वर बघितलं. मुलीचं तोंड उघडं होतं आणि त्यातून काही येत नव्हतं. पुढची कन्नड ओळ गेली होती. गळ्यापासून वर लाली चढत होती. ती लाली मला ठाऊक होती. कोपऱ्यात कुणीतरी हसायला श्वास घेतला, तोही मला ऐकू आला.

"उंबरा," आई म्हणाली.

खुर्चीवरूनच म्हणाली, आणि म्हणाली म्हणजे गायली. आवाज फाटका, पण सुरात. "उंबरा, घर तुझंच हाय." चाल जिथे अडली होती तिथे ते शब्द जाऊन बसले, मोजून शिवल्यासारखे. कोपऱ्यातला श्वास कुणीतरी सोडून दिला. मुलीनं चमकून आईकडे बघितलं. शब्द तिच्याच भाषेतले होते. ती हसली, आईच्या मागोमाग तिनं तीच ओळ उचलली, आणि दोघींनी मिळून ती पुन्हा म्हटली.

मी हळदकुंकू लावायला पुढे झाले. मुलगी अजून आईकडेच बघत होती.

"आजी, या गाण्यात असे शब्द पण आहेत?"

"आहेत की," आई म्हणाली. "यायला जरा उशीर झाला. बस, उसळ घे."